केसाने गळा कापला

डी जीवनसत्त्व कमी, बी१२ त्याहून कमी, असा रिपोर्ट आला आणि घरात मला अचानक भाव आला. डॉक्टरांनी डी-थ्रीची ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली. "आठवड्यातून एकदा. रोज नाही!" असं बजावलंही. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं. अती झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून प्रकरण मूतखड्यापर्यंत जातं. बायकोने कॅलेंडरवरच्या रविवारांना लाल गोल केले. एवढ्या शिस्तीच्या घरात घोळ व्हायला वावच नव्हता. म्हणून मी तो बाहेरून मागवला.

झालं असं, की भाच्याच्या लग्नात फोटोग्राफरने गॅलरीतून फोटो काढला. पंगतीत सगळ्यांची डोकी काळी, एकावर मात्र फ्लॅश लखलखतोय. त्याच रात्री मी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या मागवल्या आणि मोज्यांच्या खणात दडवल्या. शरीराला रोज लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम. माझ्या एका गोळीत १० मिलिग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून जास्त! पण जीवनसत्त्वच ते, अपाय कसला?

फेरतपासणीत थायरॉइडचे आकडे बिघडले: टीएसएच तळाला आणि टी-फोर आभाळाला. "वजन घटलंय?" डॉक्टरांनी विचारलं. असा आरोप माझ्यावर आजवर कुणी केलेला नाही. "छातीत धडधडतं?" रिपोर्ट पाहिल्यापासून धडधडत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "केसांसाठी काही घेता का?"

"केसांसाठी?" बायको म्हणाली. "कुठल्या?"

खण उघडा पडला. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते भरमसाट असलं की टीएसएच खोटाच कमी दिसतो, टी-फोर खोटाच जास्त. हार्ट अ‍ॅटॅकच्या वेळी करतात ती ट्रोपोनिनची चाचणीही अशी फसू शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ सालीच तसा इशारा दिला होता. म्हणजे खरोखर झटका आला असता, तरी यंत्राने मला ठणठणीत ठरवून घरी धाडलं असतं, कदाचित!

गोळ्या बंद करून पुन्हा रक्त दिलं. थायरॉइड उत्तम निघाला. केसांत काडीचाही फरक नव्हता.

तुम्ही कमतरतेसाठी काही घेत असाल, तर सोबतच्या सगळ्या गोळ्या रक्त देण्याआधीच डॉक्टरांना सांगा. बायोटिन त्यांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवा. आणि शक्यतो एकटेच जा.