संथ कोण?

नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) हौशी प्रेक्षकाचा निकाल ठरलेला: ‘ख्वाडा’ स्लो आहे. श्रीगोंद्याच्या भाऊराव कऱ्हाडेंनी २०१५ साली मेंढपाळाचं बिऱ्हाड पडद्यावर आणलं आणि ते मेंढरांच्या चालीनं चाललं, हाच गुन्हा. हाच रसिक रात्री ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका लावतो. तिथं पाच मिनिटांत ग्रह फुटणार असं खलनायक फ्रीझा बजावतो आणि ती पाच मिनिटं कित्येक भाग पुरतात. त्याला मात्र ‘बिल्डअप’ म्हणायचं. नगरच्याच न्यू आर्ट्स कॉलेजात शिकलेल्या नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ सिनेमात नायक जब्या दगड थेट प्रेक्षकांवर भिरकावतो, तर ‘शेवट कळला नाही’. ‘इव्हँजेलियन’ या अ‍ॅनिमेचा कळला नाही, तर ‘डीप आहे’.

आवड ज्याची त्याची, तिकिटाचे पैसेही त्याचेच, असं कुणी म्हणेल. कबूल, पण मग ‘मला आवडलं नाही’ एवढंच म्हणा, गतीचा दाखला कशाला? अ‍ॅनिमेत चित्रकारांची मेहनत असते, हेही खरं. मेंढरं तरी कुठे स्टोरीबोर्ड वाचून वळतात? आणि सबटायटल्स वाचत जपानी हुंदके समजून घेणारा हा गडी ‘ख्वाडा’ची बोली जड आहे म्हणतो. कऱ्हाडेंनी सिनेमा जपानीत डब करून आणायला हवा होता.