पन्नाशीचे नवखे आणि त्यांचे जुने कप

ऐकलंत का? मुलुंडात म्हणे पन्नाशीपुढच्या 'बिगिनर' गटाची फायनल ११-१ने आटोपली! हरलेल्या जोडीतले एक काका बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, दुसरे दातांचे डॉक्टर. दोघांनी महिनाभर पहाटे उठून सराव केला, गुडघ्यांना पट्टे बांधले, नवीन बूट घेतले. आणि जिंकलेल्या गृहस्थांनी फॉर्मवर काय लिहिलं होतं? 'पिकलबॉल खेळायला लागून दोन महिने.' आता यात खोटं काय आहे, सांगा! पिकलबॉल दोन महिनेच. त्याआधी वीस-बावीस वर्षं टेनिस, त्यातली काही राज्याकडून, एवढंच काय ते राहून गेलं. फॉर्मवर तसा रकानाच नव्हता ना! वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड मात्र दोनदा तपासलं.

शिव शिव! आणि हे एकट्या मुलुंडात नाही हो. घाटकोपरला हीच कुजबुज, बोरिवलीला हीच, अंधेरीला तर कुजबुजसुद्धा नाही, तिथे उघड भांडणं.

पिकलबॉल म्हणजे काय, हे अजून ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या सोसायटीत बहुधा नळाला पाणी येण्याची वेळ हाच ग्रुपवरचा मुख्य विषय असेल. सुखी आहात. बाकी उपनगरात सगळीकडे 'उद्या सातचा स्लॉट कोणाकडे?' याखेरीज दुसरा मजकूर नाही. बॉक्स क्रिकेटची हिरवी जाळी होती तिथे निळी-जांभळी कोर्टं आली. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये रंगीत चिकटपट्ट्या आल्या. जिथे दिवाळी पहाटेचे कार्यक्रम व्हायचे त्या गच्च्यांवर सकाळी सहापासून प्लास्टिकच्या भोकाभोकांच्या चेंडूची टॉक-टॉक चालू. तळमजल्यावरच्या आजी म्हणतात, पूर्वी पाटा-वरवंट्याचा आवाज निदान चटणी होईपर्यंतच चालायचा.

हा खेळ तसा जुना. १९६५ साली अमेरिकेत, सिअॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोघा मित्रांनी सुट्टीत कंटाळलेल्या घरच्यांसाठी काढलेला. बार्नी मॅकॅलम या शेजाऱ्याने मग नियम आणि पॅडल नीट बसवायला हात लावला. म्हणजे मुळातच हा घरच्यांचा, ज्याला धड काही येत नाही त्याचा खेळ. आपल्याकडे तो आणला मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. कॅनडात पाहिला, २००६च्या सुमारास पॅडल आणि चेंडू घेऊन इथे लोकांच्या हातात दिले, २००८ साली संघटना काढली. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे २०२५ साली केंद्र सरकारने दुसऱ्याच संघटनेला मान्यता दिली आणि वाद कोर्टाच्या पायरीपर्यंत गेला. खेळ एक, संघटना दोन! तेव्हा हा खेळ भारतीय मातीत रुजला, याबद्दल कोणी शंका घेऊ नये.

पण आपला विषय तो नाही. आपला विषय आहे 'माजी'.

बघा, या खेळाचे नियमच असे केलेत की ताकदवानाने दुबळ्याला चिरडू नये. सर्व्हिस खालून, कमरेच्या खालीच चेंडू मारून करायची. म्हणजे ती टेनिसची तोफ बंद. सर्व्हिस परतवणाऱ्याने चेंडू टप्पा पडू द्यायचा, आणि परतलेला चेंडूही सर्व्हिसवाल्याने टप्प्यावरच घ्यायचा. म्हणजे धावत नेटवर येऊन धाडकन मारायचं बंद. नेटपासून सात फुटांच्या पट्ट्यात, त्याला 'किचन' म्हणतात, उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. म्हणजे उंच माणसाचा धाकही कमी. एवढी सगळी बंधनं कशासाठी? सासू-सून, आजोबा-नातू एका कोर्टावर खेळावेत म्हणून.

आणि तरीही माजी टेनिसपटू येतो आणि अकरा मिनिटांत काकांना घरी पाठवतो. का? कारण नियमांनी ताकद काढून घेतली, हात नाही काढून घेतला! चेंडू पॅडलवर कुठे येणार हे ज्याला चेंडू समोरच्याच्या हातातून सुटायच्या आत कळतं, त्याच्यापुढे सात फुटांचं किचन काय करणार? बॅडमिंटनवाल्यांचं तर त्याहून सोयीचं. कोर्ट बरोबर बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच, वीस बाय चव्वेचाळीस फूट. वीस वर्षं ज्याने त्याच चौकटीत पावलं टाकली त्याला डोळे मिटूनही कोपरे ठाऊक. आणि टेबल टेनिसवाले! त्यांचं मनगट नेटजवळ असं काही फिरतं की दातांच्या डॉक्टरांना आपलं स्वतःचं मनगट तपासून घ्यावंसं वाटतं.

वरच्या पातळीवर याची कोणाला लाज नाही, असायचंही कारण नाही. २०२५च्या सुरुवातीला मुंबईत वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली, ती चर्चगेटला, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात. ती उभी करणाऱ्यांत गौरव नाटेकर. आठवतंय ना? १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर टेनिस डबल्सचं सुवर्ण जिंकलेले. आणि वडील नंदू नाटेकर, ज्यांनी १९५६ साली परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद जिंकून आणलं, भारतीयाने जिंकलेलं पहिलं. बाप बॅडमिंटनचा, मुलगा टेनिसचा, आता दोघांचं मिळून जे काही होतं ते पिकलबॉल. घराणं म्हणतात ते हे! त्या लीगमध्ये जगभरातले खेळाडू येतात, पैसे घेऊन खेळतात, तिकीट काढून लोक बघतात. सगळं उजेडात.

इकडे उपनगरात मात्र अंधार. बोरिवलीत एक गृहस्थ पन्नाशीपुढच्या गटात आले ते अर्धी चड्डी, रंग उडालेला टी-शर्ट आणि भाड्याचं पॅडल घेऊन. 'जरा मजा म्हणून,' म्हणाले. पहिल्या दोन फेऱ्यांत मुद्दाम थोडे गुण दिले म्हणे, संशय नको म्हणून. सेमीफायनलला पिशवीतून स्वतःचं पॅडल निघालं. अहो, ते पॅडल पाहूनच समोरच्या जोडीतल्या वहिनी म्हणाल्या, 'हे असलं आपल्या कोचकडे आहे!' पुढे कळलं की ते स्वतःच कुठे तरी कोचिंग करतात. पोरांना बॅडमिंटन शिकवतात, संध्याकाळी, पैसे घेऊन. बक्षीस काय होतं? स्पीकर आणि जवळच्या हॉटेलचं कूपन.

म्हणाल, आकडे असतात की! ड्युपर नावाचं रेटिंग आहे, दोन ते आठपर्यंत. वय, लिंग काही न बघता फक्त सामन्यांच्या निकालावरून आकडा निघतो. कल्पना सुरेख. पण निकाल त्यात घालायचे कोणी? अंधेरीत असे महाभाग आहेत म्हणे, जे जिंकलेला सामना नोंदवत नाहीत आणि हरलेला त्याच रात्री नोंदवतात. आकडा साडेतीनच्या खाली राहिला की खालच्या गटात नाव घालता येतं. परदेशात याला सँडबॅगिंग म्हणतात. आपल्याकडे फक्त हळू आवाजात बोलतात, कारण बोलणाऱ्याचाही आकडा कधी कधी असाच असतो. आणि रेटिंग नसलेला माजी राज्यस्तरीय खेळाडू? त्याच्या नावापुढे कोरं. कोरं म्हणजे नवखा. झालं!

आता मिक्स्ड डबल्सचं विचारूच नका. माजी नवरा... म्हणजे माजी खेळाडू असलेला नवरा आणि घरी बसून कंटाळलेली बायको, अशी जोडी. नियमाप्रमाणे अगदी रास्त. पण समोरचे काय खुळे आहेत? ते प्रत्येक चेंडू बायकोवर मारतात. मग नवरा 'माझा, माझा!' म्हणत तिच्या अर्ध्यात घुसतो. मग दोघांची पॅडलं आपटतात. मग पाण्याच्या विश्रांतीला अबोला. घाटकोपरच्या एका स्पर्धेत अशा तीन जोड्या आल्या, त्यांतली एक परत जाताना वेगवेगळ्या रिक्षांनी गेली, असं खात्रीलायक गोटातून कळतं.

अर्थात माजींचीही बाजू ऐकायला हवी, नाहीतर मी म्हणजे अगदीच चहाडखोर ठरेन. त्यांचं म्हणणं असं: 'ओपन गटात टाकता, तिथे बावीस वर्षांची पोरं. माझा डावा गुडघा दोनदा कापलाय. मी पन्नाशीचा आहे हे खरं की नाही? मग पन्नाशीच्या गटात मी का नको?' बरोबर आहे की हो. तरुणपणी घाम गाळला म्हणून म्हातारपणी त्याला घरी बसवायचं, हा कुठला न्याय? ज्येष्ठांच्या अॅथलेटिक्समध्ये तर पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि तिथे कोणी पूर्वी देशाकडून धावला की सोसायटीच्या गेटपर्यंत धावला, हे विचारत नाहीत. पण घड्याळाविरुद्ध धावणं वेगळं. तिथे शेवटचा आलेलाही आपला वेळ घरी घेऊन जातो. इथे ११-१ने हरलेले काका काय घेऊन जाणार? कूपन तर दुसऱ्याला मिळालं.

गंमत म्हणजे याचं उत्तर शोधायला आपल्याला बेनब्रिज बेटावर जायची गरजच नाही. मुंबईत कबड्डीच्या मॅटशेजारी कोणी बसलं असेल तर त्याला ठाऊक आहे: स्थानिक गट वेगळा, व्यावसायिक गट वेगळा. महिंद्रा, भारत पेट्रोलियमची पोरं व्यावसायिकमध्ये, आणि चाळीतलं मंडळ स्थानिकमध्ये. कोणी 'आम्हाला कमी लेखलं' म्हणून रडलं नाही. क्रिकेटमध्ये कांगा लीग १९४८पासून पावसात चाललीय, 'ए'पासून खालपर्यंत डिव्हिजन. जिंकलात की वर जा, हरलात की खाली या. हमरीतुमरी होते, पण गटावरून नाही, खेळपट्टीवरून.

हवं तर आणखी लांब बघा. कॅलिफोर्नियात ग्लेन हेलन म्हणून मोटोक्रॉसचा ट्रॅक आहे, मातीच्या चढउतारावरून मोटारसायकली उडवायचा. तिथे दरवर्षी वयस्कांची जागतिक स्पर्धा होते. तिशी, चाळिशी, पन्नाशी असे गट तर आहेतच, पण प्रत्येक वयात पुन्हा प्रो, एक्स्पर्ट, इंटरमिजिएट, नवखे असे वेगळे. यामाहाच्या कारखान्याच्या टीमकडून शर्यतीत उतरलेले डग डुबाक तिथे कित्येक वर्षं जिंकत आले, पण प्रोमध्ये! त्यांच्या शेजारच्या गल्लीतला प्लंबर त्याच ट्रॅकवर, त्याच दिवशी, आपल्यासारख्यांबरोबर पडतो-उठतो आणि त्याचाही कप असतो. हाडं मोडायची जिथे खरी भीती, तिथल्या लोकांना हे सुचलं. आपल्याकडे फार तर घोटा मुरगळतो, म्हणून आयोजक निवांत.

आयोजकांचीही अडचण आहे म्हणा. पन्नाशीचे माजी वेगळे काढले तर चार जोड्या उरतात. चार जोड्यांचा गट दाखवला तर प्रायोजक नाक मुरडतो. म्हणून सगळ्यांना एकाच टोपात ढवळायचं. पण तोडगा त्याच घाटकोपरच्या रिक्षांनी दाखवलाय की! माजी पुरेसे नसतील तेव्हा नियम एवढाच करा: जोडीत माजी एकच, दुसरा खरा नवखा. समोरचे नवख्यावरच चेंडू टाकणार, म्हणजे माजीचा हात अर्धा बांधला गेला आणि सामना आपोआप रंगला. फक्त ती जोडी नवराबायकोची नको, एवढी दया करा. आणि नवख्यांचा गट एकदा जिंकला की पुन्हा त्यात नाव घालायचं नाही, कांगा लीगसारखं वर जायचं. भाड्याचं पॅडल आणून उपयोग नाही मग.

तर आयोजक मंडळी, पावसाळ्यानंतरच्या स्पर्धांचे फॉर्म तुम्ही आता छापताय, गुगलवर टाकताय. त्यात जन्मतारखेच्या खाली एक रकाना वाढवा: 'टेनिस, बॅडमिंटन, टेबल टेनिस किंवा स्क्वॉश जिल्हा वा त्याहून वरच्या पातळीवर खेळला आहात का? पैसे घेऊन शिकवता का?' हो किंवा नाही. खोटं लिहिणाऱ्याची एन्ट्री फी परत करू नका. आणि ज्यांच्या शोकेसमध्ये १९९२चे, १९९५चे कप अजून चकाकताहेत, त्यांनी त्या रकान्यात 'हो' लिहावं. कप पुसायला मोलकरीण ठेवलीय, हे सगळ्या विंगला ठाऊक आहे.