कठड्याला टेकलेली माणसं

चोपड्यात एखाद्याला संध्याकाळी गाठायचं असेल, तर त्याच्या घरी जाण्यात अर्थ नसतो. घरची मंडळी दारातूनच सांगतात, "ते ना? पुलावर असतील." म्हणजे पुलावरून कुठे चालले असतील, असा गैरसमज नको. त्यांचं पलीकडे काही काम नसतं. अलीकडेही नसतं. म्हणूनच ते बरोबर मधोमध, कठड्याला कोपर टेकून उभे असतात. आमचे नाना तर जागासुद्धा बदलत नाहीत. ते एखाद्या दिवशी आले नाहीत, तर त्यांच्या जागेवर कुणी उभं राहत नाही, आणि कुणी नवखा राहिलाच, तर शेजारचा त्याला समजावणीच्या सुरात सांगतो, "भाऊ, ही नानांची."

आमची नदी रत्नावती. नाव ऐकून मनात जे काही येईल ते तसंच जपून ठेवावं, खात्री करायला चोपड्याला येऊ नये. ती सातपुड्यातून उतरते आणि दक्षिणेला तापीला जाऊन मिळते खरी, पण हे उतरणं आणि मिळणं पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांपुरतं. उरलेलं वर्ष ती नकाशावर वाहते. त्यामुळे ज्याला खरोखर पलीकडे जायचं असतं, तो सरळ पात्रातून जातो. खाली पायवाट असते, हॉर्न नसतात आणि ऐन उन्हात सावली असते, तीही पुलाचीच. म्हशी खालून जातात, शाळेला उशीर झालेली पोरं खालून जातात, घाईतली माणसं खालून जातात. वर उरतात ती ज्यांना कुठेच जायचं नाही अशी माणसं. त्यांच्यासाठी सरकारने एवढा मोठा पूल बांधला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

कागदोपत्री पुलाचे भाग दोनच: वाहनांसाठी रस्ता आणि पायी चालणाऱ्यांसाठी पदपथ. प्रत्यक्षात पदपथावर मोटारसायकली लावलेल्या असतात, त्यांच्या पलीकडे शेंगावाल्याची गाडी असते आणि जी वीतभर जागा राहते तिथे एक कुत्रं झोपलेलं असतं. साहजिकच पायी चालणारे रस्त्यावरून चालतात. रस्त्यावर वाहनांनी चालावं ही अपेक्षा तर मुळातच चुकीची आहे. तिथे दोन मोटारसायकली शेजारी-शेजारी थांबलेल्या असतात. एक गावात येणारी, एक गावाबाहेर जाणारी. "काय रे भो, कुठे असतोस?" इथून सुरू झालेलं बोलणं सोयरिकीपर्यंत पोचतं. मागे केळीने भरलेला ट्रक उभा. ड्रायव्हर आधी हॉर्न वाजवतो, मग इंजिन बंद करतो, मग खाली उतरतो आणि थोड्या वेळाने तोही कठड्याला टेकलेला दिसतो. पूल माणसाला आपलंसं करतो, तो असा.

कठडा हाच पुलाचा मुख्य भाग आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. खांब, कमानी, पाया हे सगळं कठडा वर धरून ठेवण्यासाठी असतं. नवीन पुलाचं उद्घाटन झालं की लोक विचारतात, खर्च किती आला, किती वर्षं लागली, किती जणांनी नारळ फोडला. नाना काही विचारत नाहीत. ते जातात, कोपर टेकतात आणि निकाल देतात. कठडा छातीला लागला तर पूल बाद. पोराला कडेवर उचलून घेतल्याखेरीज त्याला नदी दिसत नाही. गुडघ्याला लागला तरी बाद. मग पोराला धरण्यातच सगळा वेळ जातो. कोपर टेकल्यावर खांदे कानापर्यंत चढू नयेत आणि पाठीला बाक येऊ नये, ही नानांची उंचीची व्याख्या. रुंदी अशी हवी की चहाचा पेला ठेवून टाळी देता आली पाहिजे. जुने दगडी कठडे या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेतात. आताच्या लोखंडी पाइपांवर पेला राहत नाही, उन्हाळ्यात कोपर भाजतं आणि थंडीत गारठतं. "सायबानं कधी पुलावर उभं राहून पाह्यलंच नाही," नाना म्हणतात, "गाडीतून गेला आन् गाडीतूनच आला."

यावर मी एकदा नानांना फरशीची आठवण करून दिली. नाल्या-नद्यांवरची ती ठेंगणी फरशी; पूर आला की पाण्याखाली जाते, ओसरला की चिखल झटकून वर येते. तिला कठडा नसतोच. कडेला पांढरा चुना मारलेले दगड, फार तर काढता येतील अशा नळ्या. याचं कारण साधं आहे. पाणी वरून जाणारच असेल तर भरीव कठडा त्याला अडवतो, वाहून आलेली झाडं-झुडपं त्यात अडकतात, मागे पाणी फुगतं आणि शेवटी कठडा एकटा जात नाही, फरशीलाही सोबत नेतो. हे सगळं मी नीट समजावून सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणूनच तिला कुणी पूल म्हणत नाही."

खानदेशातल्या नदीने भल्याभल्यांना असं काठावर उभं केलेलं आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन होतो, ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्या काळातच त्यांची नेमणूक झाली ती आमच्या खानदेशात, धुळ्याला. काम दिलं पांझरेवर, साक्रीकडच्या दातर्तीला: नदीच्या पात्रातून पाइपचा सायफन टाकून कालव्याचं पाणी पलीकडे न्यायचं. ऐन पावसाळा. नदी रोज गाळ आणून टाकायची. पाऊस संपेपर्यंत थांबावं, असं तरुण विश्वेश्वरय्यांनी वर कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही, त्यांनी कान उपटले. मग विश्वेश्वरय्यांनी ते काम पुरं करून दाखवलं. यावर नानांचं मत असं की सायफनला कठडा नसतो, म्हणून काम वेळेत झालं. पूल असता तर मजूर, मुकादम आणि खुद्द साहेब, सगळे टेकून पांझरा बघत बसले असते.

त्याच पांझरेवर धुळे शहरात आता झुलता पूल आहे, खास पायी चालणाऱ्यांसाठी. नानांना तो दाखवायला नेलं. मधोमध जाऊन त्यांनी कोपर टेकलं. समोरून पोरांचं टोळकं धावत आलं तसा पूल हलला, पुलाबरोबर नानाही हलले, आणि आल्या पावली परत फिरले. "हलायचं काम नदीचं," एवढंच बोलले. धुळ्याहून परतीच्या एसटीत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पण खरा सोहळा पुराचा. चोपड्यात लख्ख ऊन असतं, बायका गच्चीवर वाळवणं घालून बसलेल्या असतात, आणि तिकडे सातपुड्यात ढग मोकळे होतात. रत्नावतीला पाणी येतं ते असं, गावाला न सांगता. कुठूनतरी आरोळी येते, "पूर उना रे, पूर उना!" आणि गाव पुलाकडे धावतं. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात. पूर्ण लावायला वेळ नसतो. न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक एका गालाला साबण घेऊन येतं, आणि त्याच्या मागे वस्तरा हातात घेऊन न्हावी. पूर पाहायला यायचं म्हणजे घरातल्या म्हातारीला आणायचंच. तिला कठड्याशी पुढची जागा मिळते आणि तिच्या आडून आपल्यालाही.

पहिली दहा मिनिटं सगळे गप्प पाहतात. मग कुणीतरी तो प्रश्न टाकतो, "कितला शे?" आणि उत्तर ठरलेलं असतं, "मागला सालपेक्षा कमीच शे." मी आजवर एकही पूर असा पाहिला नाही जो मागल्या सालापेक्षा जास्त होता. मागल्या सालीही तो त्याच्या मागल्या सालापेक्षा कमीच होता. या हिशेबाने मागे मागे जात राहिलं, तर नानांच्या लहानपणी पाणी सातपुड्याच्या माथ्यावरून जात असलं पाहिजे. नाना तसं स्पष्ट म्हणत नाहीत, पण नाकारतही नाहीत.

वाहून येणाऱ्या प्रत्येक वस्तूची इथे नोंद होते. लाकूड आलं, की "सागाचं नाही" असा निवाडा. प्लास्टिकची घागर आली, की कुणाची असावी यावर दोन तट पडतात. एकदा एक चप्पल आली, उजव्या पायाची. डावीची वाट पाहत निम्मा गाव अंधार पडेपर्यंत थांबला होता.

रत्नावती हा आमचा घरगुती पूर. मोठा पाहायचा तर तापीवर जावं लागतं. अमळनेरच्या रस्त्याला निमगव्हाण आणि सावखेड्याच्या मधला पूल त्यासाठी आहे. तिथे पाऊस बघून जायचं नसतं, बातमी बघून जायचं असतं. वर भुसावळ तालुक्यात हतनूर धरण आहे, त्याला ४१ दरवाजे. पावसाळ्यात आमच्याकडे माणसं एकमेकांच्या तब्येतीच्या आधी दरवाजे विचारतात. "किती उघडले?" "चोवीस." "मग उद्या जाऊ." सगळेच्या सगळे ४१ उघडले, की सोडलेल्या शाळेसारखा रस्ता भरून वाहतो. पुलावर आल्यावर भाषासुद्धा बदलते. एरवी दुधाच्या मापावरून भांडणारी माणसं क्युसेकमध्ये बोलू लागतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. हे मी एकदा तिथे सांगून पाहिलं. शेजारच्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. "लाखाच्या वर आहे," तो पाण्याकडे बघत म्हणाला, जणू आतली रोकड त्याने स्वतः मोजून ठेवली होती.

तापी सूर्याची मुलगी. आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा वाढदिवसही असतो. त्यामुळे एसटी पुलावर आली की अर्ध्या गाडीचे हात जोडले जातात आणि खिडकीतून नाणी भिरकावली जातात. इथेही कठडा आडवा येतोच. गाडीचा वेग, बाईंचा नेम आणि वाऱ्याची दिशा यांचा मेळ क्वचितच बसतो. नाणं खणकन कठड्यावर आपटून रस्त्यावर परत येतं. पुलावर उभ्या पोरांना हे पुरतं ठाऊक असतं. सूर्यकन्येच्या वाटचे पैसे त्यांच्या बर्फगोळ्याला कामी येतात, आणि तिची तक्रार असल्याचं ऐकिवात नाही.

हल्ली पुलांवर निर्माल्य टाकू नये म्हणून उंच जाळ्या लावतात. जाळी लागली की कठडा असून नसल्यासारखा. पण जाळी तशीच राहिली, असा पूल मी पाहिलेला नाही. आठवड्याभरात तिला हात जाईल एवढं भोक पडतं, महिन्याभरात पिशवी जाईल एवढं, आणि गणपतीपर्यंत गणपती जाईल एवढं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट खाली आला आणि माणसं गेली. तीही बहुतेक पलीकडे जायला नव्हे, पाणी बघायलाच उभी होती. ती बातमी ऐकल्यापासून नाना पुलावर पाय ठेवण्याआधी एकदा गर्दीकडे बघतात आणि जास्त वाटली तर अलीकडेच, चहाच्या टपरीशी थांबतात. पोलिसाने शिट्टी मारली की सगळ्यांत आधी तेच मागे सरतात, आणि इतरांनाही ओढून नेतात.

मुलगी पुण्याला असते, म्हणून नानांना तिथले पूलही दाखवले. संध्याकाळी झेड पुलावर नेलं. तो पायी आणि दुचाकीने जाणाऱ्यांचा, म्हणजे आमच्या मापाचा. पण कठडा म्हणून मोकळा नव्हता. हाताहातावर एकेक जोडपं, रस्त्याकडे पाठ करून. नानांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत जागा शोधली. शेवटी एका जोडप्याच्या शेजारी वीतभर फट पाहून कोपर टेकलं आणि सवयीने विचारलं, "काय मग, पाणी किती आहे?" ते दोघं उठून गेले. नानांना ते फार भले वाटले. म्हाताऱ्याला जागा दिली म्हणाले.

राहिली सुरत. आमच्या तापीच्या पाण्याला शेवटी जायचं असतं तिथेच: सारंगखेडा, प्रकाशा, मग गुजरातेत उकाई धरण आणि मग सुरत. योगायोग म्हणा, खानदेशातली माणसंही त्याच वाटेने गेलेली आहेत. उधना, लिंबायतकडे गल्लीगल्लीत अहिराणी ऐकू येते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुटलेल्या पाण्याने ते शहर बुडालं, तेव्हापासून हतनूरचे दरवाजे उघडले की पुलावरूनच फोन जातात. नानांचा पुतण्या उधन्याला असतो. परवा नानांनी कठड्याला टेकूनच त्याला कळवलं, "पानी निघनं रे, भलतं शे, सांभाळा." पुतण्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, तळमजल्यावरचं सामान माळ्यावर चढवलं आणि सगळ्यांना घेऊन तिथल्या पुलावर जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज उतरलेला. म्हणाला, काका, तुम्ही सांगितलं तेवढं काही आलं नाही. शेजारी हसताहेत. मागल्या सालपेक्षा कमीच शे.

नाना तडकले. भरल्या पुलावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फोनमध्ये ओरडले, "आम्ही तं पुरं धाडं व्हतं! मझार उकाईवाल्यास्नी दाबी ठेवं व्हई!"