शपथ आधी, पाणी मागाहून

४ मार्च जवळ आला की गोदामांना सणासुदीची कळा येते. १९६६ साली या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. एवढी सुरक्षा एका दिवसात मावत नाही, म्हणून पुढे सप्ताह. भिवंडीच्या मानकोलीपासून पुण्याच्या चाकणपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये फ्लेक्स चढतात, छातीवर हिरवे बिल्ले टाचले जातात, घोषवाक्य स्पर्धा होते. (पहिलं बक्षीस बहुधा एचआरमध्येच राहतं. यमक जुळवायला बसून काम करणारा माणूस लागतो.) मग सगळे उजवा हात पुढे करून शपथ घेतात आणि समोसा खातात. शपथ आणि समोशात गेलेली वीस मिनिटं त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीतून वळती होतात.

दुसरी एक शपथ हरियाणातल्या मानेसरची आहे. मे २०२४, उत्तर भारत भाजून निघत होता. तिथल्या ॲमेझॉनच्या गोदामात अर्ध्या तासाची चहाची सुट्टी संपल्यावर कामगारांकडून वदवून घेतल्याची बातमी आली : सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला जाणार नाही, लघवीलाही जाणार नाही. ट्रक प्रत्येकी २४ फुटी. जूनमध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली आणि केंद्राच्या श्रम खात्याला नोटीस धाडली. हा एकटादुकटा प्रकार आहे, असं कंपनीने सांगितलं.

मला विचाराल तर दोन्हींत दुसरी शपथ जास्त प्रामाणिक. पहिलीत देश, समाज, कुटुंब सगळे येतात, फक्त घड्याळ येत नाही. दुसरीत गोदामाचं अख्खं शास्त्र एका ओळीत आहे : आधी ट्रक, मग मूत्राशय.

सुरक्षेला खर्च फार, अशी मालकवर्गाची तक्रार असते. खर्च कसला? हेल्मेट, रेडियमचं जाकीट, जमिनीवर पिवळा पट्टा. एका दिवाळी गिफ्टच्या बजेटात सगळं बसतं. सुरक्षेला खरी लागतात ती मिनिटं, आणि गोदामातलं प्रत्येक मिनिट हातातल्या स्कॅनरने आधीच गिळलेलं असतं. तासाला किती नग उचलले, किती ठेवले, मधे किती वेळ स्कॅन झालं नाही, सगळं त्याला ठाऊक. माणूस पिवळ्या पट्ट्यातून वळसा घालून गेला की आकडा पडतो. फोर्कलिफ्टच्या वाटेतून आडवा गेला की आकडा वाचतो. मग सुपरवायझर पट्टा पुन्हा रंगवून घेतो.

आता दारावरच्या फळ्याकडे या. ‘अपघातमुक्त दिवस : २१७’ असा काहीसा आकडा, खाली खडूची पुसट पावडर. हा फळा भारी चीज आहे. तो लावल्यापासून अपघात होत नाहीत. होतो तो पाय घसरणे, चक्कर येणे, घरीच लागलेलं असणे. पॅलेटखाली बोटं आलेल्या पोराला ईएसआयसीच्या दवाखान्यात नेलं तर अपघाताचा फॉर्म भरावा लागतो आणि फळ्यावर शून्य येतं. म्हणून त्याला रिक्षात घालून नाक्यावरच्या खासगी डॉक्टरकडे नेतात. मुकादम रोख पैसे देतो, चार दिवस गावी जाऊन ये म्हणतो, आणि फळ्यावर २१८ चढतो. महिनाअखेरीस या फळ्याचं बक्षीस टीमला मिळतं, त्यामुळे तक्रार केली तर साहेबाआधी शेजारचा गडीच डोळे वटारतो. असा फळा लावणाऱ्यांना एवढंच विचारावं की ‘थोडक्यात वाचलो’ची वही कुठे आहे? रॅकवरून खोकं निसटलं, कोणाच्या डोक्यात पडलं नाही, पण निसटलं. पुढचा मृत्यू त्या वहीत आधीच लिहिलेला असतो. ती वही कोणी ठेवत नाही, कारण पहिल्याच पानावर नाव लिहिणाऱ्याला विचारलं जातं, “तू तिथे काय करत होतास?”

आणि तो पोरगा नक्की कोणाचा, हाही गहन प्रश्न. माल एका कंपनीचा, गोदाम दुसऱ्याचं, चालवणारी तिसरी, माणसं पुरवणारी चौथी, तिचा पोटठेकेदार पाचवा आणि पोटठेकेदाराचा मुकादम सहावा. मालाची मालकी बारकोडवर कळते. खोकं हरवलं तर ते कुठल्या मिनिटाला कोणाच्या हातात होतं ते दहा सेकंदात सापडतं. माणूस जखमी झाला की मात्र सहाही जण एका सुरात सांगतात, “आमचा नाही.”

गोदामातली सगळ्यात धोक्याची जागा कोणती, म्हणून पाहुण्याला विचारलं तर तो उंच रॅककडे बोट दाखवतो. चुकीचं नाही; पण जरा लोडिंग बेवर उभे राहा. ट्रक मागे घेतला जातोय. क्लीनर मागच्या फाळक्यावर थापा मारत ओरडतोय, “आन दे, आन दे, आन दे... बस्स!” ट्रक धक्क्याला टेकतो, मागचं दार उघडतं, फोर्कलिफ्ट पॅलेट घेऊन ट्रकच्या पोटात शिरते. ड्रायव्हर दोन रात्री जागा आहे. त्याला वाटतं, माल चढला. किंवा पुढच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारला. किंवा कोणीतरी कोणाला तरी ‘चलो’ म्हणालं. तो गिअर टाकतो. ट्रक हातभर पुढे सरकतो, आणि धक्का व ट्रक यांच्या मधल्या फटीत तीनचार टनांचं यंत्र चालवणाऱ्यासकट जातं.

यावरचा उपाय जगातल्या सगळ्या गोदामवाल्यांना माहीत आहे. ट्रक लागला की ड्रायव्हरकडून किल्ली घ्यायची, ऑफिसातल्या खिळ्याला अडकवायची, चाकाखाली गुटका घालायचा; माल चढला, मोजला, दार लागलं की किल्ली परत. खर्च : एक खिळा. पण किल्ली घ्यायला, द्यायला, गुटका काढायला प्रत्येक ट्रकमागे पाच मिनिटं जातात. दिवसाला साठ ट्रक असले तर पाच तास. हा हिशेब साहेबाला तोंडपाठ असतो, म्हणून खिळा रिकामा आणि त्याच्या शेजारी सुरक्षेची ट्रॉफी.

वजनाचं बघा. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेने हाताने ओझं उचलण्याचं एक गणित मांडलंय. सगळं काही मनासारखं असेल, म्हणजे ओझं अंगाशी, कमरेच्या आसपास, पकड पक्की, वळायचं नाही, घाई नाही, तर सुरुवात २३ किलोंपासून. मग जमिनीवरून उचललं की किलो कापा, हात लांब करावे लागले की कापा, अंग पिळलं की कापा, मिनिटाला चार वेळा उचललं की आणखी कापा. आपल्याकडे सिमेंटची गोणी ५० किलोंची. गणित सुरू होण्याआधीच संपतं. बरं, सुधारणा म्हणजे काय तर भिंतीवर चित्र : गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा. रोज शेकडो वेळा गुडघे वाकवून पाहावं चित्र लावणाऱ्याने. जड माल गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली ठेवला, हलका माल वरखाली टाकला, तर अर्धी पाठदुखी जागच्या जागी मिटते. पण रॅकवर जागा ठरते ती मालाच्या खपावरून.

उन्हाळ्यात पत्र्याखालच्या मेझनाईनवर जाऊन आलात का? वरच्या मजल्यावर हवा जणू इस्त्री केलेली असते. पंखे असतात, पण तोंड पॅकिंगच्या टेबलाकडे, कारण घामाने लेबल भिजतं आणि स्कॅन होत नाही.

कायद्याची गंमत तर ऐकाच. १९४८च्या कारखाने अधिनियमात कारखान्याच्या कामाची जी व्याख्या होती, तिच्यात शीतगृहात माल साठवणं स्पष्ट शब्दांत येत होतं. म्हणजे थंडगार बटाटा ज्या छताखाली झोपतो तिथे कारखान्याचा निरीक्षक येऊ शकत होता, आणि शेजारच्या तापलेल्या पत्र्याखाली फ्रिज उचलणारा माणूस दुकानाच्या कायद्यात. त्याच व्याख्येत ‘पॅकिंग’ हा शब्दही होता. त्यावरून खोकी बांधणाऱ्या गोदामाला कारखाना म्हणायचं की नाही, यावर वकिलांची पोटं भरली. २१ नोव्हेंबर २०२५पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. दहा कामगार असतील तिथे ती पोचते, म्हणजे गोदामही तिच्या हद्दीत आलं, ठीक झालं. फक्त निरीक्षक आता नुसता निरीक्षक उरलेला नाही. तो सोबत सुविधाकर्ताही आहे. म्हणजे आधी मार्गदर्शन करेल, मग बघेल. चहा बहुधा दोन्ही भूमिकांत घेईल.

महाराष्ट्राला हे सगळं नवं वाटायचं कारण नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला, देशात तेव्हा असा कायदा नव्हता. हमाल कोणाचा, हा प्रश्न त्या कायद्याने एका झटक्यात सोडवला : मालक बदलोत, माणसाची नोंद माथाडी मंडळात, लेव्ही मंडळात, फंड आणि औषधपाणी मंडळातून. आता त्या कायद्याची दोन्हीकडून ओढाताण चालू आहे. एकीकडे खोक्याला हात न लावता वाराई, म्हणजे मालाच्या चढउतारीची मजुरी, उकळणारे बोगस नेते, ज्यांना चाकणचा उद्योजक वैतागलाय, आणि रास्त वैतागलाय. दुसरीकडे त्या खंडणीखोरांचं निमित्त करून खऱ्या टोळ्यांनाच दाराबाहेर काढणारे. नव्या चकाचक गोदामात थप्पी लावणारा बिहारचा पोरगा या भांडणात कुठल्याच यादीत नाही. त्याच्याकडे फक्त ओळखपत्र आहे, तेही ठेकेदार बदलला की बदलतं.

ॲमेझॉनच्याच देशात कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२पासून एक साधी गोष्ट सक्तीची केली. गोदामातल्या माणसाला त्याचा कोटा लेखी द्या, आणि ज्या कोट्यापायी जेवण, विश्रांती किंवा संडास बुडतो तो कोटा लावू नका. बस्स, एक कागद. आपल्याकडे तो कागद कोणी मागितला तर सुपरवायझर म्हणेल, “कोटा? आमच्याकडे कोटा नाहीच. फक्त टार्गेट आहे.”

राहिली आग. भिवंडीत गोदाम पेटलं ही बातमी आता पावसाच्या बातमीसारखी वाचली जाते. २९ एप्रिल २०२३ला तर आगही लागावी लागली नाही. वळ गावात खाली गोदाम आणि वर राहती कुटुंबं असलेली इमारत कोसळली, आठ जण गेले. राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये, वर्षातून दोनदा, यंत्रणा चालू असल्याचा ‘बी’ फॉर्म द्यायचा असतो. फॉर्म मिळतो. फॉर्मवर मागच्या दाराचा उल्लेखही असतो : आपत्कालीन निर्गमन, एक, सुस्थितीत. ते सुस्थितीतच आहे. त्याच्या आत वॉशिंग मशीनची थप्पी लागलेली आहे, आणि बाहेरून कुलूप आहे, कारण मागच्या दाराने माल जातो. कुलपाची किल्ली शेठकडे. शेठ मुलुंडला. फोन केला, निघालेत म्हणाले. माजिवड्याला ट्रॅफिक आहे.