कोराडीचा विस्तव

नागपुरात घर गरम ठेवायची सोय कशी करावी, असा विषय काढला तर समोरचा आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतो. 23 मे 2013 ला इथं पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दिवसांत गच्चीवरची काळी टाकीच गिझर असते. दुपारी नळाखाली हात धरवत नाही, म्हणून समजूतदार घरं आंघोळीचं पाणी आदल्या रात्रीच बादल्यांत काढून निववायला ठेवतात. पण याच शहरानं 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंशही पाहिले आहेत. त्या आठवड्यात कानटोप्या, शाली आणि गिझरचे जाणकार एकदमच बाहेर पडले. दीड-दोन महिन्यांच्या थंडीसाठी गॅसचा गिझर घ्यावा की विजेचा, यावर आमच्याकडे वर्षभर पुरेल इतकं बोलून होतं.

गॅसच्या गिझरला स्वभाव असतो. नळ सोडला की आत टिक-टिक-टिक होतं, मग भप्प करून निळी ज्योत पेटते. पाण्याला जोर नसेल तर तो नुसताच टिकटिकत राहतो. हा सगळा दिमाख टॉर्चच्या दोन सेलवर चालतो, आणि सेल संपतात ते डोक्याला साबण लावल्यावर. मग आतून हाका सुरू होतात. पण एका बाबतीत मला थट्टा सुचत नाही. बंद न्हाणीघरात बसवलेल्या अशा गिझरनं माणसं गेलेली आहेत. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. यंत्र बाहेर आणि पाणी आत, एवढं पाळलं तरच तो घरात घ्यावा. विजेचा गिझर त्या मानानं सरकारी नोकरासारखा. पंधरा लिटर पाणी, दोन किलोवॉट, पाव तास. लाल दिवा विझला की त्याचं काम संपलं. त्याचं बटण बंद कोणी करायचं, हा मात्र प्रत्येक घरातला चालू वाद.

आमच्या शेजारचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. इंडक्शन शेगडी घ्यायची असं त्यांनी ठरवलं आणि काकूंना कागदावर हिशेब मांडून दाखवला. सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस, म्हणजे 180 युनिटांच्या आसपास उष्णता. बर्नर चांगला असला तरी त्यातली दोन तृतीयांश भांड्याला लागते, बाकीची स्वयंपाकघरात हिंडते. इंडक्शन पंच्याऐंशी टक्के भांड्यालाच देते. म्हणजे दीडशेच्या आत युनिटांत एक सिलिंडर! काकूंनी कागद चष्मा न लावताच परत केला. ‘‘अन् लाइन गेली त कराचं काय? वरण अर्धकच्चं राहीन.’’ शिवाय बिलाच्या टप्प्यांचं काय, हे त्यांनीच विचारलं. शंभर युनिटांनंतर दर चढतो, तीनशेनंतर आणखी चढतो, आणि मे महिन्यात कूलरनं ती वेस आधीच ओलांडलेली असते. खात्यात जन्म गेलेल्या माणसाला हे घरून ऐकावं लागलं.

‘वीज म्हणजे स्वच्छ, धूर नाही’ असं दुकानदार सांगतो. धूर नाही कसा? नवरात्रात देवीच्या दर्शनाला कोराडीला गेलं की वीजकेंद्राच्या चिमण्याही दिसतातच. तिथं दगडी कोळसा जळतो आणि त्याच्या उष्णतेची जेमतेम एक तृतीयांश वीज होते. म्हणजे काकांचे पंच्याऐंशी टक्के हे त्या तिसऱ्या हिश्श्याचे. चूल आपण घरातून काढली आणि कोराडीला नेऊन ठेवली, इतकंच. ग्रीडमध्ये कुणाची वीज कुणाच्या घरात जाते हे सांगता येत नाही, पण माझी कोराडीचीच, असं मी धरून चालतो. गॅस तर त्याहून लांबचा. देशात लागणारा निम्म्याहून अधिक एलपीजी बाहेरून येतो, मुख्यतः आखातातून. त्या मानानं कोळसा तरी विदर्भातला.

त्यातही मला सगळ्यात आवडतो तो पाण्याचा फेरा. शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होतं आणि त्यातलं कोट्यवधी लिटर रोज वीजकेंद्राला वापरायला जातं. म्हणजे सकाळी मी गिझरच्या पाण्यानं आंघोळ करतो, ते पाणी मोरीतून निघून भांडेवाडीमार्गे कोराडीला पोचतं, आणि उद्याचं पाणी तापवायच्या कामाला लागतं. इतकं काटकसरी नातं आमच्या घरात माणसामाणसांतही नाही.

आता इंडक्शनला न जमणारी गोष्ट, लंबी रोटी. सैल, तार सुटणारी कणीक दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि विस्तवावर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद पसरायची. क्षणात तिला फोड येतात. हे मडकं इंडक्शनवर ठेवून पाहा. शेगडी बीप-बीप करून गप्प होते. तिला लोखंड लागतं, चुंबक चिकटेल असं बूड लागतं. मातीला, तांब्याला, पितळेला ती ओळखच देत नाही. आजेसासूबाईंची निम्मी भांडी अशी एका झटक्यात परकी होतात. वांग्याच्या भरताचंही तेच. गॅसवर ते जमतं, पण शेतात तुराट्या पेटवून भाजलेलं वांगं खाल्लेला माणूस गॅसवरच्या भरताला नुसतं ‘बरं आहे’ म्हणतो.

त्यामुळे निवड वगैरे आमच्याकडे फारशी होत नाही. नवं आलं म्हणून जुनं जात नाही, ते माळ्यावर जातं. तांब्याचा बंब आहे, रॉकेलचा स्टोव्ह आहे, मागच्या अंगणात वडी-पापडाची चूल आहे. आता गच्चीवर सौर पॅनेलही आली. 2024 मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आल्यापासून गल्लीत त्यांच्या अनुदानाशिवाय दुसरा विषय नाही. ज्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या त्याला आता बिलातून वजा करतात.

काकांनी शेवटी इंडक्शन शेगडी घेतलीच. चहा, दूध आणि रात्रीची खिचडी तिच्यावर होते, पोळ्या-फोडणी गॅसवर. सिलिंडर आता पूर्वीच्या दुप्पट टिकतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. काकू तेवढ्यात चहा घेऊन येतात. ‘‘टिकंल नाही त काय,’’ त्या म्हणतात, ‘‘दोन्ही पोरं पुण्याले गेली.’’