दोन करवंट्यांची आंघोळ

रत्नागिरीत थंडी पडते, असं फक्त रत्नागिरीकरच म्हणतात. पारा १८ अंशांवर आला की आमच्या कानटोप्या बाहेर निघतात. आंघोळीला कढत पाणी मात्र बारमाही, अगदी मे महिन्यातसुद्धा. म्हणून आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब अजून नोकरीत आहे. गच्चीवर सोलर आहे, पण पावसाळाभर तो पगारी रजेवर असतो.

यंदा नाताळात पुतण्या लीड्सहून आला. त्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कंडेन्सिंग बॉयलर टांगलेला आहे. इंग्लंडात २००५ पासून घरात गॅसचा नवा बॉयलर सहसा याच जातीचा घ्यावा लागतो. आपण मोहोराबद्दल बोलतो तितक्या काळजीने तो बॉयलरमध्ये परत येणाऱ्या पाण्याच्या तापमानाबद्दल बोलतो. गॅस जळताना वाफ होते आणि धुराबरोबर निघून जाते. परतीचं पाणी ५५ अंशांखाली असलं, तर त्या वाफेचंच पाणी होतं आणि जाताजाता ती आपली उष्णता घरात ठेवून जाते. गॅसच्या उष्णतेचा सुमारे दहावा हिस्सा असा वाचतो.

"आणि लोक बॉयलर ८० वर ठेवून तो आभाळात सोडतात, काका!"

तो इतका कळवळला की आमच्या बंबातून आभाळात काय काय जातं, हे सांगायचा मला धीर होईना.

पण त्याने बंब पाहिलाच. मधोमध नळी, तळाला विस्तव, भोवती पाणी. वरून गार ओतावं, तोटीतून तेवढंच गरम यावं. तो हरखला आणि कागद घेऊन बसला. बादली २० लिटरची, विहिरीचं पाणी २७ अंश, आंघोळीचं ४२. लागणारी उष्णता १२६० किलोज्यूल, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश युनिट वीज. काहीही वाया गेलं नाही, तर सत्तरेक ग्रॅम कोरडी करवंटी बास.

"आजी, दोन करवंट्यांत एका माणसाची आंघोळ झाली पाहिजे."

आई बंबात टोपली रिकामी करत होती. "तू कर हो दोन करवंट्यांत. आम्ही बादलीभर पाण्याने करतो."

दुसऱ्या दिवशी त्याने पत्र्याची पट्टी पिळून बंबाच्या नळीत सोडली. धूर रेंगाळला की जास्त उष्णता देऊन जातो, हे शास्त्र खरंच आहे. कारखान्यांच्या बॉयलरमध्येही असं करतात. आमच्याकडे धूर रेंगाळला तो थेट माजघरात. पाणी तापायच्या आत आई तापली. शिवाय लाकडाचा धूर फार थंड केला की नुसतं पाणी जमत नाही, बरोबर डांबरासारखा काळा चिकटा येतो. पट्टी निघाली, ती चिकट्यासकट. न्हाणीघर घासायचं काम शास्त्रज्ञाकडेच आलं.

खरं सांगायचं तर, वाया जाणारी उष्णता पकडायची अक्कल आमच्या जिल्ह्याला नवी नाही. अंजनवेलला एन्रॉनने जो प्रकल्प आणला, त्यात गॅस टर्बाइनमधून सुटलेल्या ऊन वायूंवर वाफ करून आणखी वीज काढायची सोय होती. त्यावर देशभर रणं माजली. आईच्या चुलीला वैल आहे. पुढच्या जाळावर भात शिजतो, मागे सरकलेल्या धगीवर दूध तापतं. तिच्यावर एकही चौकशी समिती बसली नाही.

पुतण्याच्या कागदातलं एक मात्र पटलं. पाणी उकळायचं आणि मग अर्धी बादली विसण घालायचं, यात राम नाही. उकळी येईस्तोवर बंब न्हाणीघरालाच जास्त तापवतो. बेताचं तापवा आणि एकामागून एक आंघोळी उरका. आमच्याकडे पहिली आंघोळ सहाला, शेवटची अकराला. मधल्या वेळात बंब गारठतो आणि पुन्हा जाळ घालावा लागतो. हा तोटा कुठल्याही पट्टीने भरून निघणार नाही.

तेव्हा, घरी बंब असेल तर राख रोज काढा, सोडणं पडवीत कोरडी ठेवा आणि घरातल्यांना ओळीने न्हाणीघरात धाडा. हे शेवटचं ज्यांना जमेल, त्यांनी कसं जमवलं ते आम्हाला जरूर कळवावं.