साडेपाच तासांत भंडारदरा

मुंबईहून सकाळी निघणारी वंदे भारत २०२३ पासून दुपारच्या आत साईनगर शिर्डीला पोचवते आणि संध्याकाळी परत नेते. मधल्या साडेपाचेक तासांत, भाड्याची गाडी स्वतः हाकत, भंडारदरा उरकून येण्याचा बेत आखणाऱ्या कुटुंबप्रमुखांचा जाहीर सत्कार व्हायला हवा.

संगमनेर, अकोले, राजूर मार्गे जाताना शंभरेक किलोमीटर, येताना तेवढेच. निसर्गाच्या वाट्याला अर्धा तास उरतो. त्याने तेवढ्यात आटोपायला हरकत नसावी. विल्सन धरण १९२६ साली पुरं व्हायला कैक वर्षं लागली, पण पाहायला एक काच खाली केली की भागतं. रंधा धबधब्यापाशी थांबू नये, तो कुठे जात नाही. १६४६ मीटरच्या कळसूबाईचं शिर्डीच्या धर्तीवर मुखदर्शन घ्यावं. शिखर ढगात असल्यास ढगाचं. रतनवाडीच्या अमृतेश्वराला अंदाजाने हात जोडावेत. कुणाला उतरायचंच असेल, तर त्याने राजूरपूर्वी लेखी कारण द्यावं. लघुशंकेची सवलत फक्त साठीपुढच्यांना.

शासनाला एक नम्र सूचना. पर्यटकांचा अमूल्य वेळ वाचावा म्हणून अकोले तालुक्यातल्या सर्व प्रेक्षणीय स्थळांनी संगमनेर बसस्थानकासमोर रांगेत उभं राहावं. सांदण दरीला जागा कमी पडेल, पण तिने जरा आवरून घ्यावं.

राहता राहिले साईबाबा. त्यांचं थेट दर्शन परतीच्या गाडीत मोबाइलवर होतं. कसाऱ्याच्या घाटात रेंज गेली, तर सबुरी.